निसर्गनमुन्यांचे त्रिमितीय छायाचित्रण

संग्रहालयाच्या खणात ठेवलेला शंख, टाचणी लावलेला भुंगा, भुसा भरलेला पक्षी किंवा खडकातून सोडवलेला जीवाश्म ही घन वस्तू असते. अभ्यासकांपैकी बहुतेकांच्या वाट्याला मात्र तिचे सपाट चित्रच येते. घनाचे सपाट होताना लांबी-रुंदी टिकते, रंगही बऱ्यापैकी टिकतो. हरवते ती खोली. वर्गीकरणशास्त्राला हे हरवणे परवडत नाही. भुंग्याच्या कवचावरची खाच किती खोल आहे, दाताचा माथा किती उतरता आहे, शिंपल्याची कड आत वळली आहे की बाहेर, अशा बारकाव्यांवर दोन जातींमधला भेद ठरतो. नमुन्याच्या आकाराचा हा तिसरा अंश छायाचित्रात धरून ठेवणे, आणि तोही पुढे मोजता येईल अशा रीतीने, हे त्रिमितीय छायाचित्रणाचे काम आहे.

माणसाच्या दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये सरासरी सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे जवळच्या वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रे मेंदूकडे जातात. नाकासमोर बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, तर बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे सरकल्यासारखे दिसते. या सरकण्यातूनच मेंदू अंतर ताडतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हे प्रयोगाने दाखवून दिले. एकाच घनाकृतीची डाव्या आणि उजव्या डोळ्यांना दिसतील अशी दोन रेखाचित्रे त्याने काढली, ती दोन आरशांच्या साहाय्याने एकेका डोळ्यापुढे आणली, आणि कागदावरच्या रेषा घन होऊन उभ्या राहिल्या. या उपकरणाला त्याने स्टिरिओस्कोप हे नाव दिले. छायाचित्रणाची जाहीर घोषणा झाली ती पुढच्या वर्षी, १८३९ मध्ये. म्हणजे त्रिमितीय पाहण्याचे यंत्र आधी आले आणि त्याला खरे खाद्य पुरवणारी कला नंतर. हाताने कितीही काळजीपूर्वक काढले तरी पक्ष्याच्या पिसाऱ्याची किंवा प्रवाळाची दोन अचूक जुळणारी चित्रे काढणे अशक्यप्राय. कॅमेऱ्याला ते क्षणाचे काम.

डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने १८४९ मध्ये भिंगांचा आटोपशीर स्टिरिओस्कोप मांडला. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात तो लोकांच्या नजरेत भरला. दहा वर्षांनी अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या लेखकाने हातात धरायचा स्वस्त, उघडा नमुना तयार केला आणि जोडछायाचित्रे घरोघर पोचली. त्यांतली बहुसंख्य प्रेक्षणीय स्थळांची होती. निसर्गविज्ञानाकडे हे तंत्र वळवणाऱ्यांत लव्हेल रीव्ह या लंडनच्या प्रकाशकाचे नाव घ्यावे लागते. रीव्ह मुळात शंखशिंपल्यांचा अभ्यासक होता. ‘काँकोलॉजिआ आयकॉनिका’ हा शंखांचा प्रचंड सचित्र ग्रंथ त्याने १८४३ मध्ये सुरू केला. ज्याचे आयुष्य गोलाई, पीळ आणि कडा पाहण्यात गेले, त्याला सपाट चित्राची उणीव इतरांआधी जाणवली असावी यात नवल नाही. १८५८ मध्ये त्याने ‘स्टिरिओस्कोपिक मॅगझीन’ काढले आणि त्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ याचे टेनेरिफ बेटावरील मोहिमेचे पुस्तक प्रसिद्ध केले. जोडछायाचित्रांनी सजलेले हे पहिले पुस्तक. त्यात वीस जोड्या आहेत, आणि ज्वालामुखीच्या दगडांबरोबर ओरोटावा येथील प्रसिद्ध महाकाय ड्रॅगन वृक्षही आहे. पुढे १८६० च्या दशकातच तो वृक्ष वादळात कोसळला.

शंखांच्या चित्रणात एक जुना धोका आहे. रेम्ब्रांटने १६५० मध्ये एका शंकुशंखाचे सुंदर अम्लरेखन केले. तांब्याच्या पत्र्यावर त्याने शंख समोर दिसला तसा कोरला. छापताना चित्र उलटले आणि शंखाचा पीळ निसर्गात असतो त्याच्या विरुद्ध दिशेने उमटला. स्वाक्षरी मात्र त्याने आठवणीने उलटी कोरली होती, म्हणून ती सुलटी छापली गेली. छायाचित्राची काच उलटी ठेवली किंवा संगणकावर प्रतिमा आडवी पलटली की आजही हीच चूक होते. भारतीय वाचकाला तिचे गांभीर्य लगेच कळेल, कारण देवघरातला दक्षिणावर्ती शंख दुर्मिळ मानला जातो तो याच पिळामुळे. शास्त्रज्ञ शंखाचे टोक वर धरून तोंड कोणत्या बाजूला येते ते पाहतात. पूजेत तो उलटा, टोक खाली करून धरतात. म्हणून परंपरेने ज्याला दक्षिणावर्ती म्हटले, तो प्राणिशास्त्राच्या भाषेत डावखुरा ठरतो. पलटलेले एक छायाचित्र साध्या शंखाला दुर्मिळ करून टाकते. त्यामुळे नमुना कसा धरला होता आणि प्रतिमा पलटलेली नाही, या दोन्ही गोष्टींची नोंद शंखाच्या प्रत्येक चित्रासोबत असायला हवी.

जोडछायाचित्रात याहून वेगळी एक चूक संभवते: डावे चित्र उजवीकडे आणि उजवे डावीकडे लागणे. तसे झाले की पीळ बदलत नाही, पण खोली उलटते. उंचवटे खळगे होतात आणि खळगे उंचवटे. फुलाच्या बाबतीत मेंदू सहसा फसत नाही, कारण फूल कसे असते हे त्याला ठाऊक असते. जीवाश्माच्या बाबतीत तो सहज फसतो. प्राण्याचे कवच स्वतःच दगडात टिकले आहे, की कवच विरघळून जाऊन त्याचा फक्त ठसा उरला आहे, हा जीवाश्मशास्त्रातला पहिलाच प्रश्न असतो. एका सपाट छायाचित्रावरून त्याचे उत्तर देणे कठीण, कारण वरून उजेड पडलेला उंचवटा आणि खालून उजेड पडलेला खळगा सारखेच दिसतात. म्हणूनच जीवाश्मांच्या चित्रांत प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतो असा संकेत रूढ आहे. नीट लावलेली जोडी असेल तर संकेतावर विसंबावे लागत नाही; डोळ्यांना खोली सरळ दिसते.

जीवाश्म छायाचित्रणापूर्वी पांढरा करण्याची पद्धत मराठी घराला अपरिचित वाटू नये. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा जो पांढरा धूर उठतो, तोच धूर येथे कामाला येतो. काचेच्या नळीत नवसागर तापवून त्याची वाफ नमुन्यावर फुंकली की अतिशय पातळ, शुभ्र थर बसतो. दगडाचे मूळ डाग, गंजाचे पट्टे, चकाकी हे सर्व त्याखाली झाकले जाते आणि फक्त आकार उरतो. ट्रायलोबाइट या नामशेष सागरी प्राण्याच्या डोळ्यावरचे एकेक भिंग, शिरावरची दाणेदार नक्षी त्या पांढऱ्या थरावर सावल्यांनी उठून दिसते. दगडाचा रंग गडद आणि एकसारखा नसेल तर आधी काळा लेपही देतात. थर फार जाड झाला तर बारीक नक्षी बुजते, फार पातळ राहिला तर डाग डोकावतात. हात बसायला वेळ लागतो. काम झाल्यावर थर लगेच काढून टाकावा लागतो, कारण नवसागर हवेतला ओलावा ओढून घेतो. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत तर ही घाई अधिकच.

प्रत्यक्ष चित्रणात सर्वांत जास्त चुका होतात त्या दोन चित्रांतील अंतरामुळे. डोळ्यांमधले अंतर साडेसहा सेंटिमीटर, म्हणून कॅमेराही तेवढाच सरकवायचा असे नवख्याला वाटते. लांबच्या झाडाला ते चालते, हातातल्या शंखाला नाही. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा, की कॅमेऱ्यापासून वस्तूच्या सर्वांत जवळच्या भागाचे जे अंतर असेल, त्याच्या तिसाव्या भागाइतकेच कॅमेऱ्याने सरकावे. नमुना तीस सेंटिमीटरवर असेल तर एक सेंटिमीटर. सहा सेंटिमीटरवर असेल तर केवळ दोन मिलिमीटर. यापेक्षा फार जास्त सरकल्यास दोन चित्रे डोळ्यांत जुळतच नाहीत आणि वस्तू ताणलेली, अस्वाभाविक खोल दिसते. इतकी बारीक सरक साधण्यापेक्षा कॅमेरा जागच्या जागी ठेवून नमुनाच काही अंश फिरवणे सोयीचे पडते. पण मग सावल्यांकडे लक्ष हवे. दिवा स्थिर आणि नमुना फिरलेला असेल तर सावल्या नमुन्यावरून सरकतात, आणि मेंदू त्या सरकण्यालाच खोली समजतो. चकचकीत पाठीच्या भुंग्यावर ठिकऱ्यांसारखे चमकणारे प्रकाशबिंदू तर दोन चित्रांत दोन ठिकाणी येऊन हवेत तरंगताना दिसतात. त्यावर उपाय म्हणजे मऊ, सर्व बाजूंनी पसरलेला उजेड. त्यासाठी महागडे साहित्य लागते असे नाही; अर्धा कापलेला टेबल टेनिसचा चेंडू नमुन्याभोवती बसवून बाहेरून दिवे लावण्याची युक्ती कीटकांचे छायाचित्रकार सर्रास वापरतात.

दुसरी अडचण स्पष्टतेची. वस्तूचे चित्र तिच्या मूळ आकाराएवढे घेतले आणि भिंगाचे छिद्र मध्यम ठेवले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. भुंग्याची पाठ स्पष्ट आली तर पाय धूसर. छिद्र बारीक केले तर पट्टा वाढतो, पण प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच चित्र मऊ पडते. आता यावर स्पष्टतेची पातळी थोडी थोडी पुढे सरकवत दहा-वीस, कधी शेकडो चित्रे घेतात आणि संगणकावर त्यांतील फक्त स्पष्ट भाग एकत्र करतात. या थरांपासून काही संगणकप्रणाली कॅमेरा न हलवताही डाव्या-उजव्या चित्रांची जोडी रचून देतात. ती डोळ्यांना मोहक वाटते. तरी ती रचलेली जोडी आहे: जो भाग एकाच दिशेने पाहताना पुढच्या भागाआड दडला, तो तिच्यात कुठूनही येऊ शकत नाही. प्रकाशित करताना जोडी खरी की रचलेली, हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

पाहण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येकीची किंमत वेगळी. छापील पानावर दोन चित्रे शेजारी ठेवली आणि त्यांच्या मध्यांतले अंतर डोळ्यांतल्या अंतरापेक्षा जास्त नसेल, तर साध्या भिंगांच्या जोडीने ती दिसतात; सरावाने उघड्या डोळ्यांनीही. लाल-निळसर चष्म्याची पद्धत वर्गात सोपी, पण रंगांचा बळी घेते. फुलपाखरांसाठी ती निरुपयोगीच म्हणावी. काही थोड्या लोकांना बालपणापासूनच्या तिरळेपणामुळे किंवा एका डोळ्याच्या मंद दृष्टीमुळे जोडचित्रातली खोली दिसत नाही, म्हणून लेखी वर्णनाची गरज संपत नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या तंत्राला नवा जोम दिला. स्कॅनिंग पद्धतीच्या सूक्ष्मदर्शकात परागकण, सूक्ष्म कवचे किंवा कीटकांचे डोळे विलक्षण स्पष्ट दिसतात, आणि नमुना काही अंश कलवून दुसरे चित्र घेतले की जोडी तयार होते. ऑस्ट्राकोड नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या कवचांचा स्टिरिओ-चित्रसंग्रह ब्रिटनमध्ये १९७३ पासून निघू लागला. या टप्प्यावर जोडचित्र मोजमापाचे साधन बनते. शंभरपट मोठे केलेल्या दोन चित्रांत नमुना एकूण सहा अंशांनी कलवला असेल, आणि एखाद्या काट्याचे टोक एका चित्रापेक्षा दुसऱ्यात पायथ्याच्या तुलनेत एक मिलिमीटर सरकलेले आढळले, तर त्या काट्याची खरी उंची सुमारे ०.१ मिलिमीटर येते. मात्र हे गणित करण्यासाठी कलवण्याचा कोन आणि मोठे करण्याचे प्रमाण दोन्ही नोंदलेले हवेत. ज्या जोडीवर हे दोन आकडे नाहीत, तिच्यातली खोली दिसते पण मोजता येत नाही.

सामान्य वाचकांपर्यंत हे तंत्र नेण्याचा एक सुंदर प्रयत्न अमेरिकेत झाला. व्ह्यू-मास्टर हे यंत्र पुढे मुलांचे खेळणे म्हणून ओळखले गेले, तरी त्याचा निर्माता विल्यम ग्रूबर याला त्याचा वैज्ञानिक उपयोग मनापासून हवा होता. १९४९ मध्ये अलेक्झांडर स्मिथ या कवकशास्त्रज्ञाचे अळिंब्यांवरचे पुस्तक व्ह्यू-मास्टरच्या ३३ चकत्यांसह निघाले. प्रत्येक चकतीत सात दृश्ये, म्हणजे एकूण २३१. विषयाची ही निवड अचूक होती. अळिंबी वाळवली की आक्रसते, रंग बदलते, छत्रीखालचे पडदे चिकटतात. ओल्या मातीतून वर येताना तिचे जे रूप असते ते कोणत्याही बाटलीत टिकत नाही. याच ग्रूबरने शरीररचनाशास्त्रज्ञ डेव्हिड बॅसेट यांच्यासोबत मानवी शरीराचा त्रिमितीय चित्रसंग्रह केला. त्याचे खंड १९५२ ते १९६२ या काळात निघाले.

आजचा त्रिमितीय नमुना दोन चित्रांपुरता राहिलेला नाही. फिरत्या तबकडीवर वस्तू ठेवून सर्व बाजूंनी एकमेकांवर चढणारी शेकडो छायाचित्रे घ्यायची आणि त्यांतील समान बिंदू शोधून संगणकाने घन आकृती उभी करायची, ही फोटोग्रामेट्री. कवटी, हाड, दगड, प्रवाळ यांना ती उत्तम लागू पडते. पीस, केस, पारदर्शक पंख आणि आरशासारखी पाठ यांच्यापुढे ती अडखळते. कीटकांसाठी जर्मनीत डार्मश्टाट येथे २०१८ मध्ये असे स्वयंचलित यंत्र मांडले गेले, की टाचणीवरचा कीटक फिरत राहतो आणि प्रत्येक दिशेने स्पष्टतेचे अनेक थर टिपले जातात. अंतरंगासाठी क्ष-किरणांचे सीटी स्कॅन आहे. अमेरिकेतील १८ संस्थांनी २०१७ ते २०२३ या काळात ‘ओव्हर्ट’ या प्रकल्पात पृष्ठवंशी प्राण्यांचे १३,००० हून अधिक नमुने असे स्कॅन करून विनामूल्य खुले केले. बाटलीतला बेडूक न कापता त्याच्या पोटातला शेवटचा घास पाहता येतो. रंग मात्र या चित्रात नसतो. तो हवा तर कॅमेऱ्याकडेच यावे लागते.

नमुन्याच्या आत पाहणे किती निर्णायक ठरू शकते, याचे उदाहरण खानदेशात आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये वर्णिला. एकोणिसाव्या शतकातील मोजके नमुने सोडले तर १९१४ चा एकच नमुना पुरावा म्हणून सांगितला जाई. तो रिचर्ड माइनर्टझहागेन या पक्षिअभ्यासकाच्या संग्रहातला. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी तो बारकाईने तपासला, क्ष-किरणांनी आतली मांडणी पाहिली, आणि तो पूर्वीचाच एक चोरलेला नमुना असून पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवला आहे असे दाखवून दिले. बाहेरून पाहता तो एक चांगला पक्षी होता. फसवणूक आतल्या भुशात आणि बांधणीत होती. ही खोटी नोंद बाजूला सारल्यावर एकोणिसाव्या शतकातील खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा जिवंत दिसला.

घन प्रतिमा मूळ नमुन्याची जागा घेत नाही. तिच्यातून डीएनए काढता येत नाही, पिसातले रसायन तपासता येत नाही. पण नमुनाच नष्ट झाला तर तीच उरते. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय आगीत जळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले, आणि त्यातल्या सुमारे दोन कोटी वस्तूंपैकी बहुतांश गेल्या. रिओतील काही नमुन्यांच्या त्रिमितीय नोंदी संगणकावर आधीच होत्या. त्यांचा आकार आज पाहता येतो. ज्यांच्या नव्हत्या, त्यांच्यासाठी केवळ जुनी सपाट चित्रे आणि शब्द शिल्लक आहेत.

सह्याद्रीत ही निकड आगीवाचूनही दरवर्षी भासते. कड्यांवर पावसाळ्यात फुलणारी खरचुडी, म्हणजे सेरोपेजिया, हिच्या अनेक जाती जगात केवळ इथेच आढळतात. तिचे फूल कंदिलासारखे: तळाशी फुगीर, वर अरुंद नळी, माथ्यावर पाकळ्यांची जाळी. नळीतले खाली झुकलेले केस आत शिरलेल्या माशीला काही काळ अडकवून ठेवतात आणि केस सुकल्यावर ती परागकण घेऊन सुटते. या फुलाची सारी कारागिरी पोकळीत आहे, आणि हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, दाबले की सर्वांत आधी पोकळीच नाहीशी होते. कागदावर एक तपकिरी पट्टी उरते. म्हणून सह्याद्रीत वनस्पती गोळा करणाऱ्या प्रत्येकाने एवढा शिरस्ता पाळावा: फूल दाबपेटीत घालण्यापूर्वी त्याची मोजपट्टीसह दोन छायाचित्रे घ्यावीत, त्यांतले डावे कोणते, उजवे कोणते आणि कॅमेरा किती सरकला हे लिहावे, आणि ती चिठ्ठी नमुन्याच्याच क्रमांकाने जपावी.